प्रेमाला जागा किती लागते?

18 जानेवारी 2015. पोप फ्रान्सिस मनिलातल्या सांतो तोमास विद्यापीठाच्या मैदानावर तरुणांना भेटायला आले होते. रस्त्यावरच्या आयुष्यातून सुटून एका संस्थेच्या आश्रयाला आलेली 12 वर्षांची एक मुलगी माइकसमोर उभी राहिली. आईबापांनी टाकलेली कितीतरी मुलं अमली पदार्थांच्या आणि वेश्याव्यवसायाच्या तोंडी जातात, त्यांचा काहीच दोष नसताना देव हे का होऊ देतो, असं तिने विचारलं. आम्हाला मदत करणारी माणसं इतकी थोडी का, हेही विचारलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि पुढचं वाचता येईना. पोपनी तिला जवळ घेतलं, लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि ते आपल्या मातृभाषेत, स्पॅनिशमध्ये बोलू लागले. या प्रश्नाला जवळजवळ उत्तरच नाही, असं त्यांनी मान्य केलं. तो समजून घ्यायचा असेल तर आधी आपल्याला रडता आलं पाहिजे, असंही ते म्हणाले.

देव हे का होऊ देतो, हा प्रश्न जगभर गाजला. धर्मचिंतकांना तो शेकडो वर्षं परिचित आहे आणि त्यावर ग्रंथांचे ढीग आहेत. मदत करणारे इतके थोडे का, हा दुसरा प्रश्न मात्र मागे पडला. पहिल्याचं उत्तर देवाकडे मागता येतं, दुसऱ्याचं माणसांनाच द्यावं लागतं. फिलिपिन्समधला एक दिग्दर्शक या दुसऱ्या प्रश्नाशी त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधीच झुंजत होता. त्याचं नाव लिनो ब्रोका, आणि ज्या चित्रपटात ही झुंज सर्वांत धारदार होते त्याचं नाव ‘इन्सियांग’.

देव म्हणजे प्रेम, ही योहानाच्या पहिल्या पत्रातली शिकवण. आशियातल्या या सर्वांत मोठ्या कॅथलिक देशात प्रत्येक मूल ती ऐकत मोठं होतं. शेजाऱ्यावर प्रेम करावं, आईबापांचा मान राखावा, क्षमा करावी. पण जिथे आठ-दहा माणसं एका खोलीत झोपतात, जिथे उद्याच्या तांदळाची खात्री नसते, तिथे या आज्ञा पाळणं माणसाला कितपत शक्य असतं? दारिद्र्य घास काढून घेतं, हे सगळेच मान्य करतात. ते प्रेम करण्याची ताकदही काढून घेत असेल, तर धर्माच्या दृष्टीने गोष्ट फार गंभीर होते. कारण मग गरिबाचं केवळ पोट मारलं जात नाही, देवाकडे जाण्याची त्याची वाटही अडवली जाते.

यावर दोन तयार उत्तरं आहेत आणि दोन्ही लोकप्रिय आहेत. पहिलं असं की झोपडीतच खरं प्रेम नांदतं, पैसा आला की माणुसकी जाते. दुसरं असं की प्रेम-बीम हे भरल्या पोटाचे चोचले. उपाशी माणसाला ते परवडत नाही. पहिल्या उत्तराने श्रीमंताला स्वस्थ झोप लागते, दुसऱ्याने गरिबाचं माणूसपणच नाकारलं जातं. ब्रोका या दोन्हींच्या वाटेला गेला नाही.

‘इन्सियांग’ डिसेंबर 1976 मध्ये मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि 1978 मध्ये कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात पोचला. कानला पोचलेला हा पहिला फिलिपिनो चित्रपट. मूळ कथा मारियो ओहारा यांनी टेलिव्हिजनसाठी लिहिली होती. चित्रपट घडतो तो मनिलाच्या उत्तर भागात, बंदराला लागून असलेल्या तोंदो वस्तीत. पहिलंच दृश्य कत्तलखान्याचं आहे. डुकरं कापली जातात, रक्त वाहतं, धडं उकळत्या पाण्यात ढकलली जातात. तिथे राबणारा दादो नावाचा तरणाबांड गुंड पुढे या गोष्टीतल्या दोन बायकांच्या आयुष्यात शिरणार असतो.

टोन्या बाजारात मासे विकते. नवरा दुसऱ्या बाईचा हात धरून निघून गेलेला. मुलगी इन्सियांग लोकांचे कपडे धुते, इस्त्री करते. नवऱ्याचे नातेवाईक बेकार होऊन पोराबाळांसह त्यांच्याच झोपडीत राहायला आलेले. एक दिवस टोन्याचा तोल सुटतो आणि ती सगळ्यांना घराबाहेर काढते. पोरांच्या अंगावरचे कपडे आपण विकत घेतलेले आहेत, हे तिला आठवतं आणि ते ती तिथल्या तिथे उतरवून घेते. लहान मुलं उघडी उभी आहेत, बाई कपडे गोळा करते आहे आणि गल्लीतले शेजारी बघताहेत. प्रेक्षकाला वाटतं, किती नीच बाई ही. मग हळूहळू कळतं की पोसायची तोंडं कमी करण्याएवढाच तिचा हेतू नव्हता, दादोसाठी घरात जागाही करायची होती. नवऱ्याने टाकलेल्या, वय उतरणीला लागलेल्या बाईला कुणीतरी हवं होतं. त्या झोपडीत एका माणसाच्या प्रेमाला जागा करायची, तर दुसऱ्या कुणाला तरी बाहेर जावं लागत होतं.

टोन्याच्या या अगतिकतेमागे कायदाही उभा आहे. फिलिपिन्समध्ये 1950 च्या नागरी संहितेने घटस्फोट काढून टाकला, आणि व्हॅटिकन सोडलं तर घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नसलेला जगातला हा एकच देश उरला आहे. मुस्लिम नागरिकांना 1977 पासून वेगळी तरतूद मिळाली. बाकीच्यांना विवाह रद्दबातल ठरवून घेण्यासाठी कोर्टात जावं लागतं, आणि वकील, तज्ज्ञ, तारखा यांचा खर्च मासे विकणाऱ्या बाईच्या आवाक्यात कधीच नसतो. मे 2024 मध्ये कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, ते सिनेटमध्ये अडकलं. विवाह हे पवित्र बंधन आहे, अशी चर्चची भूमिका. पण नवरा उठून गेला की त्या पावित्र्याचा सगळा भार मागे राहिलेल्या बाईवर पडतो. तिने नवा आधार शोधला तर ती कायद्याच्याही बाहेर आणि वेदीच्याही बाहेर.

दादो घरात राहायला येतो आणि थोड्याच दिवसांत इन्सियांगवर बलात्कार करतो. टोन्या आधी चवताळते. मग दादो सांगतो की पोरीनेच नादी लावलं, आणि आई ते खरं मानते. इथे दारिद्र्याचं काम डोळ्यांना दिसतं. मुलीचं ऐकलं तर दादोला हाकलावं लागेल, आणि मग पुन्हा तीच एकटी, मासे विकणारी, टाकलेली बाई. टोन्याला मुलगी आवडत नाही असं नाही. तिला एका वेळी एकाच माणसाला धरून ठेवणं परवडतं. इन्सियांग आपला प्रियकर बेबोतकडे धावते, मला इथून ने म्हणते. तो तिला एका हॉटेलात नेतो आणि सकाळी तिला एकटीला टाकून निघून जातो.

पुढे ही गरीब गाय वाटणारी मुलगी बदलते. ती दादोला आपल्या बाजूला वळवते, त्याच्याकरवी बेबोतला झोडपून काढते, आणि दादोला खरी ओढ कुणाची आहे हे आईच्या कानावर पडेल अशी व्यवस्था करते. टोन्या दादोला भोसकते. शेवटी इन्सियांग तुरुंगात आईला भेटायला जाते आणि हे सगळं आपण घडवून आणलं, असं कबूल करते. ती माफी मागते, मायेसाठी आसुसलेली आहे, पण आई तिला जवळ करत नाही. मुलगी पाठ फिरवून निघते, तेव्हा आई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहते.

इन्सियांग दोषी की निर्दोष? ब्रोका हा सवाल प्रेक्षकाच्या पदरात टाकतो. परिस्थितीने तिला असं केलं म्हणून तिला सोडून द्यावं, असं चित्रपट म्हणत नाही, कारण ती स्वतःच ती सवलत घेत नाही. ती तुरुंगात गेली ती कबुली द्यायला. आपण जे केलं ते आपणच केलं, हे म्हणण्याइतकं माणूसपण तिच्यात शाबूत आहे. पण तिच्या कबुलीने प्रश्न संपत नाही. तिच्या हातून जे घडलं त्यात आणखी कुणाकुणाचा वाटा होता, हे विचारायला ती कबुली भाग पाडते. ज्यांनी वाटा उचलायला हवा ते त्या तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत कुठेच नाहीत.

दारिद्र्य आणि नीती यांच्या या नात्याची बैठक तत्त्वज्ञानात जुनी आहे. सद्गुणाने जगायला थोडीफार बाह्य साधनं लागतातच, हे अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मान्य केलं. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सायप्रसच्या राजासाठी लिहिलेल्या राज्यविषयक ग्रंथात तेच पुढे नेलं. चांगल्या जगण्यासाठी सदाचार ही मुख्य गोष्ट, पण शरीराच्या गरजा पुरेशा भागणंही आवश्यक, कारण त्यांच्यावाचून सदाचारही घडत नाही. आणि ती पुरेशी साधनं प्रजेला मिळतील हे पाहणं राज्यकर्त्याचं कर्तव्य. 2015 मध्ये ती मुलगी ज्या विद्यापीठात रडली ते याच संत थॉमसच्या नावाचं, 1611 पासून चालत आलेलं आहे. चर्चचा सर्वांत मोठा तत्त्वचिंतक सांगतो की भाकरी आणि निवारा हा नीतीचा पाया आहे. तरीही प्रवचनांतून गरिबाला बहुधा सोशिकपणा शिकवला जातो, आणि पुरेशी साधनं देण्याची राजाची जबाबदारी त्या ग्रंथातच राहते.

शुभवर्तमानांतही हा ताण आहे. धन्य कोण, हे सांगताना लूक सरळ गरिबांना धन्य म्हणतो. मत्तय ‘आत्म्याने दीन’ असलेल्यांना. मत्तयाचं वाचन श्रीमंताला सोयीचं पडतं, कारण मनाने दीन होणं महालात बसूनही जमतं. लूकचं वाचन अंगावर येतं. पण त्यातूनही गरिबी हीच धन्यता, असा अर्थ काढला जातो, आणि तो तर तोंदोमध्ये उभं राहून कुणाला उच्चारता येऊ नये. लूकच्या येशूने गरिबांना राज्य देऊ केलं होतं. गरिबी तशीच ठेवण्याचं वचन त्याने कुणाला दिलं नव्हतं.

‘इन्सियांग’च्या एक वर्ष आधी, 1975 मध्ये, ब्रोकाने याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली होती. ‘मनिला इन द क्लॉज ऑफ लाइट’ ही एदगार्दो रेयेस यांच्या कादंबरीवरची कलाकृती. खुलियो हा मारिंदुके बेटावरचा मच्छीमार. त्याची प्रेयसी लिगाया हिला काम आणि शिक्षण देते म्हणून एक बाई शहरात घेऊन गेली, ती परत आलीच नाही. तिला शोधायला खुलियो मनिलात येतो आणि पोटासाठी बांधकामावर लागतो. तिथे सही घेतात जास्त रकमेवर, हातात पडते कमी. पगार लांबला की मुकादमच आगाऊ पैसे देतो आणि त्यातून कापून घेतो. ज्या भिंती खुलियो उभारतो त्यांच्यात त्याला रात्रीपुरती पथारी पसरता येते, एवढीच त्याची घराशी ओळख.

खुलियोचं प्रेम टोन्यासारखं वाकडं होत नाही. ते शेवटपर्यंत सरळ राहतं. लिगाया सापडते, तिला विकलं होतं आणि एका व्यापाऱ्याने डांबून ठेवलं होतं हे कळतं. दोघं पळून जायचं ठरवतात, आणि ठरल्या रात्री ती येत नाही. ती मेलेली असते. खुलियो त्या व्यापाऱ्याला ठार करतो आणि पिसाळलेला जमाव त्याला एका बंद गल्लीत गाठतो. हा चित्रपटही निर्दोष नाही. तो व्यापारी चिनी वंशाचा दाखवून ब्रोकाने गरिबांचा राग एका अल्पसंख्य समाजाकडे वळवला, हा आक्षेप समीक्षकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. मुकादमाची कापाकापी ज्या नजरेने दाखवली, ती नजर तिथे चुकली. तरी ‘इन्सियांग’च्या शेजारी ठेवला की हा चित्रपट पहिल्या लोकप्रिय उत्तराचा निकाल लावतो. झोपडीतलं निर्मळ प्रेमही टिकलं, तरी त्याला जगू दिलं जात नाही.

हे सारं पडद्यावर येत होतं तेव्हा देशात मार्शल लॉ होता. फर्दिनांद मार्कोस यांनी 1975 मध्ये अध्यादेश 772 काढून परक्या जागेवर झोपडी बांधणं हा फौजदारी गुन्हा ठरवला. तो रद्द व्हायला 1997 उजाडलं. त्याच 1975 साली इमेल्दा मार्कोस मेट्रो मनिलाच्या गव्हर्नर झाल्या. सत्य, शिव आणि सुंदर हे त्यांचं आवडतं ब्रीद. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची बैठक ऑक्टोबर 1976 मध्ये मनिलात भरली, तेव्हा पाहुण्यांच्या रस्त्यांवरून झोपड्या दिसू नयेत म्हणून रंगवलेली कुंपणं उभी केली गेली. दोनच महिन्यांनी ‘इन्सियांग’ आला आणि त्याने कुंपणामागचं सगळं दाखवलं. देशाची अशी प्रतिमा जगापुढे जावी, हे राजवटीला अर्थातच रुचलं नाही. ज्या सौंदर्याला सत्य झाकावं लागतं त्यात शिव कुठून येणार, हा प्रश्न ब्रोकाने शब्दांत विचारला नसेल, पण त्याचा कॅमेरा तोच विचारत होता.

त्याची ही नजर आली कुठून? 1939 मध्ये सोर्सोगोन प्रांतात जन्मलेल्या ब्रोकाने तरुणपणी मॉर्मन पंथ स्वीकारला आणि मिशनरी म्हणून तो हवाईला गेला. तिथे मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्याने सेवा केली. फादर डेमियन यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचलं त्या रुग्णांची ही वसाहत. 1969 पर्यंत कायद्याने समाजापासून तोडलेली. टाकलेल्या माणसांना जगाच्या नजरेआड करण्यासाठी किती शिस्तशीर यंत्रणा उभारली जाते, हे त्याने तिथे जवळून पाहिलं. पुढे 1985 मध्ये त्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लोकसेवेचा मॅगसेसे मिळाला तो आनंदवनच्या बाबा आमटे यांना. एकाने महारोग्यांना भिकेऐवजी काम आणि घर दिलं, दुसऱ्याने झोपडीतल्या माणसांना पडद्यावर पूर्ण माणूस म्हणून उभं केलं, त्यांच्या पापांसकट. दोघांचंही म्हणणं होतं की दया पुरेशी नाही.

यावर कुणी म्हणेल, गरीब माणसं रोज एकमेकांवर प्रेम करतातच की. करतात, आणि अफाट करतात. दरवर्षी 9 जानेवारीला मनिलाच्या कियापो भागात काळ्या येशूची लाकडी मूर्ती रथावर निघते, तेव्हा लाखो भक्त अनवाणी लोटतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी नवस बोललेला असतो तो आजारी आईसाठी, मुलासाठी, भावासाठी. तोंदोतल्याच रहिवाशांनी 1970 मध्ये ‘झोन वन तोंदो ऑर्गनायझेशन’ बांधली आणि झोपड्या पाडायला आलेल्या सरकारपुढे एकमेकांच्या घरांसाठी उभे राहिले. संघटनेच्या नेत्या त्रिनिदाद हेरेरा यांना 1977 मध्ये अटक झाली, कोठडीत त्यांचा छळ झाला. शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेचा इतका रोखठोक अर्थ फार थोड्या धर्मपीठांनी लावला असेल.

पण त्या प्रेमाची किंमत किती मोजावी लागते, हेही पाहायला हवं. दिग्दर्शक ब्रियांते मेंदोसा यांच्या ‘मा रोसा’ या चित्रपटात वस्तीत किराणा दुकान चालवणारी रोसा जोडीला अमली पदार्थ विकते. पोलिस नवरा-बायकोला उचलतात आणि सोडायला पैसे मागतात. आकडा 2 लाख पेसोंपासून सुरू होतो. मुलं ते उभे करायला वस्तीभर पळतात. एक टीव्ही विकतो, एक स्वतःचं शरीर विकतो, मुलगी नातेवाइकांपुढे हात पसरते आणि शिव्या खाते. शेवटी रोसा रस्त्याकडेला काडीला टोचलेले माशांचे गोळे खात उभी राहते, समोर एक कुटुंब आपलं दुकान आवरत असतं, आणि घास तोंडात असतानाच तिला रडू येतं. जॅकलिन होसे यांना याच भूमिकेसाठी 2016 मध्ये कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मुलांचं आईवरचं प्रेम इथे तसूभर कमी नाही. ते भरलं जातं लाच म्हणून.

त्याच वर्षी जूनअखेर रोद्रिगो दुतेर्ते अध्यक्ष झाले आणि अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत, सरकारी आकड्यांप्रमाणेच, 6 हजारांहून अधिक माणसं पोलिस कारवायांत मेली. मेलेले बहुतेक अशाच वस्त्यांतले. त्यांच्या बायकांना आणि आयांना प्रेतासाठी जागाही कायमची मिळाली नाही, कारण सरकारी दफनभूमीतले कप्पे पाच वर्षांच्या भाड्याने मिळतात आणि मुदत संपली की अवशेष काढले जातात. फादर फ्लावियानो विलानुएवा यांनी हे अवशेष सन्मानाने बाहेर काढून, अग्नी देऊन, कायमच्या जागी ठेवण्याचं काम हाती घेतलं. विधवांना उभं केलं, बेघरांसाठी आंघोळ, स्वच्छ कपडे आणि जेवण यांची सोय केली. 2025 चा मॅगसेसे त्यांना मिळाला. त्यांच्या केंद्रात आधी आंघोळीचं पाणी मिळतं. अक्वायनस यांनी सांगितलेली गोष्ट या धर्मगुरूने अशी अमलात आणली आहे.

म्हणून प्रेमाला जागा किती लागते, या प्रश्नाचं उत्तर संदिग्ध ठेवण्याचं कारण नाही. प्रेम ही मनाची गोष्ट आहे, पण ते करायला दरवाजा असलेली खोली लागते, पुरती मजुरी लागते, टाकून गेलेल्या नवऱ्यापासून सुटता येईल असा कायदा लागतो, आणि मुलीची तक्रार नोंदवून घेणारा पोलिस लागतो. हे नाकारून जो धर्म गरिबाला फक्त प्रेम करायला सांगतो तो त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतो. आणि जो विचार गरिबाला प्रेम जमतच नाही म्हणतो, त्याने इन्सियांगची तुरुंगातली कबुली पाहावी.

‘इन्सियांग’ 2015 मध्ये नव्याने जतन होऊन पुन्हा कानला दाखवला गेला, त्यामुळे आज त्याची चांगली प्रत उपलब्ध आहे. मुंबईचं ‘प्रभात चित्र मंडळ’, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्या यांनी तो आवर्जून दाखवावा. शक्य असेल तर वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना, धर्मगुरूंना आणि कीर्तनकारांना एकत्र बोलवावं. चित्रपटानंतर तासभर तरी बोलणं व्हावं, आणि त्या बोलण्याची सुरुवात टोन्यापासून करावी.